मेंढरांच्या हक्कावर वसलेलें गांव

जमिनीचें मोजमाप म्हटलें कीं आपणांस एकर आणि गुंठे आठवतात. जुन्या दप्तरांतून फिरलेल्या माणसास बिघे आणि चाहूर आठवतात. आज ज्या गांवाची हकीकत मी सांगणार आहें, तेथें सुमारें दोनशें वर्षें जमीन मेंढरांनीं मोजली जात असे. अमुक गृहस्थाच्या नांवावर चाळीस मेंढ्या आहेत, असें तेथें कोणी म्हटलें, म्हणजे त्याच्या गोठ्यांत चाळीस मेंढ्या बांधल्या आहेत, असा त्याचा अर्थ होत नसे. कदाचित् त्याच्या दाराशीं एकही मेंढी नसे. गांवच्या सामायिक रानांत चाळीस मेंढ्या चारण्याचा हक्क त्याचा आहे, आणि त्या प्रमाणांत त्या साऱ्या रानाचा तो धनी आहे, एवढाच त्याचा अर्थ. हा हक्क विकतां येई, मृत्युपत्रानें मुलाबाळांस देतां येई. बोट दाखवून 'ही एवढी जमीन माझी' असें मात्र म्हणतां येत नसे.

हें गांव म्हणजे नँटकेट. अमेरिकेच्या मॅसॅच्यूसेट्स संस्थानाच्या दक्षिणेस, कॉड भूशिराच्या किनाऱ्यापासून सुमारें तीस मैलांवर, अटलांटिक महासागरांत हें बेट आहे. लांबी अदमासें चौदा मैल, रुंदी साडेतीन मैल, आणि जमीन सारी मिळून तीस हजार एकरांच्या आसपास. इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्यांस हें नांव हर्मन मेल्व्हिलच्या 'मोबी डिक'मुळें परिचित असेल. त्या कथेंतील जहाज याच बंदरांतून निघतें. मौज अशी कीं, १८५१ सालीं ती कादंबरी प्रसिद्ध झाली तोंपर्यंत मेल्व्हिलनें या बेटावर पाऊलही ठेवलें नव्हतें. असो. आपल्याला आज देवमाशांशीं फारसें कर्तव्य नाहीं. कर्तव्य आहे तें जमिनीशीं, आणि त्या जमिनीनें माणसांस एकमेकांशीं कसें बांधलें व कसें तोडलें त्याच्याशीं.

टॉमस मेह्यू नांवाच्या इंग्रज व्यापाऱ्यानें १६४१ सालीं या बेटाचा हक्क एका विलायती सरदाराच्या मुखत्याराकडून मिळविला. अठरा वर्षांनीं, १६५९ सालीं, त्यानें तो नऊ गृहस्थांस विकला. किंमत ठरली तीस पौंड आणि बीव्हर नांवाच्या प्राण्याच्या लोंकरीच्या दोन टोप्या. त्यांपैकीं एक मेह्यूची, दुसरी त्याच्या पत्नीची. स्वतःसाठीं एक हिस्सा त्यानें राखून ठेवलाच. या व्यवहारांत ज्यांस कोणी विचारलें नाहीं ते लोक त्या वेळीं बेटावरच नांदत होते. वांपानोआग जातीचे हे मूळ रहिवासी संख्येनें अडीच-तीन हजार असावेत असें मानतात. पुढें त्यांच्या सरदारांकडूनही खरेदीखतें करून घेतलीं गेलीं. परंतु त्या खतांवर खूण करणाऱ्याच्या मनांत जमिनीचा उपभोग होता, आणि खत लिहून घेणाऱ्याच्या मनांत जमिनीची मालकी होती. एकाच कागदावर दोघांनीं दोन निरनिराळ्या गोष्टी वाचल्या, आणि पुढील शंभर वर्षांच्या दुःखाचें बीज तेथेंच पडलें.

मेह्यू व ते नऊ मिळून दहा जण झाले. निर्जन समुद्रांत दहा कुटुंबांनीं राहणें कठीण, म्हणून प्रत्येकानें आपल्याबरोबर एकेक सोबती घेतला, आणि वीस तक्षिमा झाल्या. मग या वीस तक्षीमदारांच्या ध्यानांत आलें कीं, आपल्यांत दळण दळणारा नाहीं, कापड विणणारा नाहीं, लोखंड ठोकणारा नाहीं, समुद्रांतून मासळी काढणारा नाहीं. आपल्याकडील जुन्या गांवगाड्यांत अशा वेळीं बलुतेदार बोलावून वसवीत. येथेंही तसेंच झालें. बेटावर राहून आपला धंदा चालवावा या अटीवर कारागिरांस अर्धी अर्धी तक्षीम देण्यांत आली. अशा चौदा अर्ध्या तक्षिमा झाल्या. म्हणजे एकंदर सत्तावीस. प्रत्येक पूर्ण तक्षीमदारास घरासाठीं वीस-बावीस एकरांची जागा स्वतंत्र मिळाली. बाकीचें सारें बेट अविभक्त. गोमंतकांतील गांवकरीची पद्धत ज्यांनीं जवळून पाहिली आहे, त्यांस ही व्यवस्था फारशी परकी वाटणार नाहीं.

बलुतेदार आणि वतनदार यांची गांठ पडली म्हणजे जें होतें तें येथेंही झालें. गांवसभेंत मत कोणाचें किती? ट्रिस्ट्रम कॉफिन हा मूळ तक्षीमदारांचा पुढारी. त्याचें म्हणणें असें कीं, अर्ध्या तक्षिमेस अर्धेंच मत. जॉन गार्डनर हा अर्ध्या तक्षिमेवर आलेला, दर्यावर्दी, करारी माणूस. त्याचें म्हणणें, गांव चालतें तें आमच्या हातांनीं, तेव्हां माणशीं एक मत. हा तंटा दहा वर्षांच्या आसपास धुमसत राहिला. नँटकेट त्या वेळीं न्यूयॉर्कच्या अमलाखालीं होतें, आणि दोन्ही पक्षांचे अर्ज समुद्र ओलांडून तेथील गव्हर्नराकडे जात. यांत सर्वांत नामी वर्तन पीटर फोल्जर याचें. तो गिरणी चालवी, जमीन मोजी, वांपानोआगांची भाषा जाणे, आणि न्यायसभेचें दप्तरही त्याच्याकडेच असे. अर्ध्या तक्षिमेचा हा माणूस आपल्या पक्षाचा अभिमानी होता. १६७७ सालीं कॉफिनच्या पक्षानें दप्तर मागितलें. फोल्जरनें तें दिलें नाहीं. त्यास कैदेंत टाकलें. गव्हर्नरास लिहिलेल्या तक्रारींत तो सांगतो कीं, मला जेथें कोंडलें तेथें आदल्या रात्रीं शेजाऱ्यांचीं डुकरें निजलीं होतीं. साठीच्या घरांत आलेला हा म्हातारा तरीही नमला नाहीं. त्याची धाकटी मुलगी अबाया हिचा मुलगा पुढें बेंजामिन फ्रँक्लिन या नांवानें जगास ठाऊक झाला. आजोबांचा हट्ट नातवांत उतरला होता काय, याचा निर्णय चरित्रकारांनीं करावा.

या भांडणाचा शेवट न्यायालयानें केला नाहीं, लग्नानें केला. १६८६ सालीं कॉफिनचा नातू जेथ्रो आणि गार्डनरची मुलगी मेरी यांचा विवाह झाला. जागा मुलीकडच्यांनीं दिली, लांकूड मुलाकडच्यांनीं दिलें, असें परंपरा सांगते. त्या जागेवर त्या लांकडाचें उभें राहिलेलें घर आजही टेकडीवर आहे, आणि गांवांतील सर्वांत जुनें घर म्हणून लोक तें पाहावयास जातात.

आतां मेंढरांकडे वळूं. बेटाच्या सामायिक रानावर किती जनावरें चरूं शकतील याचा अंदाज करून प्रत्येक पूर्ण तक्षिमेस ७२० मेंढ्यांचा हक्क ठरविण्यांत आला. सत्तावीस तक्षिमांचे १९,४४० मेंढी-हक्क झाले. आणि सुमारें तीस हजार एकरांस त्यांनीं भागलें तर एका हक्कामागें दीड एकर जमीन पडते. गाय चारावयाची तर आठ मेंढ्यांचा हक्क खर्ची पडे, घोडा चारावयाचा तर सोळांचा. कोणाचें मेंढरूं कोणतें हें कानावरच्या कापावरून ओळखत. प्रत्येक घराची कानखूण निराळी, आणि ती गांवच्या वहींत नोंदलेली. जून महिन्यांत सारीं मेंढरें रानांतून हांकून आणीत, तळ्यांत धूत आणि मग त्यांची कातरणी होई. या दोन-तीन दिवसांत साऱ्या बेटाची जत्राच भरे. वर्षाचें इतर सर्व गंभीरपणें चालविणारे हे क्वेकर पंथाचे लोक, परंतु कातरणीच्या दिवशीं माळावर राहुट्या ठोकून खाणेंपिणें आणि गप्पागोष्टी यांत ते रमत. फ्रेंच लेखक क्रेव्हकर यानें १७८२ सालच्या आपल्या प्रसिद्ध पत्रग्रंथांत या बेटाच्या या सामायिक चराईचें वर्णन मोठ्या कौतुकानें केलें आहे.

कौतुक करण्याजोगी गोष्ट तींत होतीही. एखाद्या घरांत दोन-तीन पुरुष समुद्रावर गेलेले, मागें बायकामुलें. अशा घरास स्वतःची कुंपणें राखण्याची, गुराखी ठेवण्याची दगदग नसे. रान सर्वांचें, म्हणून रान राखण्याची चिंताही सर्वांची. गांवांतील तंटेसुद्धां त्यामुळें चव्हाट्यावर होत, पाठीमागें होत नसत. परंतु क्रेव्हकरच्या लेखणीस दुसरी बाजू दिसली नाहीं. मेंढरांस हिंवाळ्यांत निवारा नसे. बर्फ पडलें म्हणजे तीं उपाशी मरत. रान हळूहळू उघडें पडत गेलें. आणि सर्वांत वाईट म्हणजे, 'सर्वांचें' या शब्दांत सर्व माणसें मोडत नव्हतीं. वांपानोआगांच्या मक्याच्या शेतांत गोऱ्यांचीं जनावरें शिरत. त्यांनीं आपलीं जनावरें चारावीं तर चराईचे हक्क त्यांच्या हातून खरेदीनें, कर्जानें, निवाड्यांनीं निसटत गेलेले. अठराव्या शतकांत त्यांनीं मॅसॅच्यूसेट्सच्या विधिसभेकडे अर्जावर अर्ज केले. फळ फारसें निघालें नाहीं. १७६३ च्या उन्हाळ्यानंतर त्यांच्या वस्तींत तापाची भयंकर सांथ शिरली, आणि कांहीं महिन्यांत ३५८ माणसांपैकीं २२२ दगावलीं. गोऱ्या वस्तीस ती सांथ शिवलीसुद्धां नाहीं. उरलेल्यांपैकीं शेवटचीं म्हणून ज्यांचीं नांवें घेतात, तीं दोन वृद्ध माणसें १८५४ आणि १८५५ या सालीं वारलीं. ज्या लोकांच्या नांवें जगांतील कोणत्याही वहींत कानखूण नव्हती, त्यांच्या जमिनीचा हिशेब असा पुरा झाला.

गांव आज जेथें आहे तेथें तें प्रथम नव्हतें. पहिली वस्ती उत्तर किनाऱ्यावरच्या कॅपॉम या लहानशा बंदराजवळ होती. वाळू सरकून त्या बंदराचें तोंड बुजलें, आणि अठराव्या शतकाच्या आरंभीं लोकांनीं मोठ्या बंदराचा आश्रय केला. जातांना कित्येकांनीं आपलीं घरेंही नेलीं. लांकडाचीं घरें, खिळे काढावे, तुळया सुट्या कराव्या, बैलांकडून ओढून न्याव्या, नव्या जागीं पुन्हां उभाराव्या. घर ही जंगम वस्तु आणि जमीन ही स्थावर, हा भेद त्या लोकांनीं शब्दशः पाळला. ही संवय पुढें अनेकदां उपयोगी पडावयाची होती. नव्या बंदराजवळच्या जागाही सत्तावीस तक्षिमांच्या हिशेबानेंच वांटल्या गेल्या. १७१७ सालच्या वांटणीची आंखणी आजच्या गल्ल्यांतूनही ओळखतां येते. शेरबर्न हें गांवाचें नांव जाऊन नँटकेट हें नांव १७९५ सालीं कायम झालें.

यानंतर देवमाशांच्या तेलाचें युग येतें. त्याची कथा अनेकांनीं सांगितली आहे. मी तिच्यांतून घरांपुरतेंच घेतों. जोसेफ स्टारबक नांवाच्या तेलाच्या धनाढ्य व्यापाऱ्यानें आपल्या तीन मुलांसाठीं हमरस्त्यावर विटांचीं तीन एकसारखीं घरें १८३० नंतरच्या दशकांत बांधलीं. मुलें राहावयास गेलीं, परंतु खतें बापानें आपल्याच नांवावर ठेवलीं, आणि तीं मुलांच्या नांवें १८५० सालीं करून दिलीं. मुलांनीं धंदा सोडून बेटाबाहेर जाऊं नये ही त्यांतील खुबी. गांवाच्या दक्षिण कडेस, पवनचक्क्यांच्या बाजूस, काळ्या लोकांची वस्ती होती. तिला न्यू गिनी म्हणत. मुक्त झालेले गुलाम आणि त्यांचे वंशज, जहाजांवरचे खलाशी, यांनीं तेथें जागा विकत घेऊन घरें, दुकानें आणि एक सभागृह उभारलें. त्याच वस्तींतील अ‍ॅब्सलम बॉस्टन यानें १८२२ सालीं संपूर्ण काळ्या खलाशांचें जहाज स्वतः कप्तान होऊन देवमाशांच्या शिकारीस नेलें. त्यांच्या मुलींस गांवच्या वरच्या शाळेंत प्रवेश मिळावा यासाठीं १८४० नंतर जो झगडा झाला, त्यांत या वस्तींतील घरधन्यांच्या सह्या महत्त्वाच्या ठरल्या. जमिनीचा लहानसा तुकडा स्वतःच्या नांवावर असणें म्हणजे काय, हें त्या लोकांस कोणी शिकवावें लागलें नाहीं.

इकडे सामायिक रानाची पकड ढिली होत होती. पिढ्यानपिढ्या वारसा वांटला जाऊन मेंढी-हक्कांचे तुकडे झाले. अर्धी मेंढी, पाव मेंढी, आणि पुढें तर ज्यांचा अपूर्णांक लिहावयास ओळ पुरूं नये इतके बारीक. ज्यांच्या हातीं पुष्कळ हक्क जमले त्यांस आपला भाग वेगळा काढून हवा होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं प्रकरण संस्थानच्या वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेलें, आणि त्यानंतर रान तुटत तुटत वांटलें जाऊं लागलें. मोठ्याचा भाग निघाला. ज्याच्याजवळ अडीच मेंढ्यांचा हक्क, त्यानें वेगळा तुकडा मागून करावयाचें काय? तो आपला हक्क विकून मोकळा झाला. वांटणींत गरिबास न्याय मिळाला असें कागद म्हणतो. कागदास पोट नसतें.

मग एकामागून एक आघात झाले. बंदराच्या तोंडाशीं वाळूचा बांध. मोठीं जहाजें आंत येत ना. १३ जुलै १८४६ च्या रात्रीं एका टोप्यांच्या दुकानांत आग लागली, आणि गांवाचा सुमारें तिसरा हिस्सा जळून गेला. वखारींतील तेलाचीं पिंपें फुटून जळतें तेल बंदराच्या पाण्यावर पसरलें. १८४९ सालीं कॅलिफोर्नियाच्या सोन्यानें तरुण ओढून नेले. १८५९ सालीं पेन्सिल्व्हेनियांत जमिनींतून खनिज तेल निघालें, आणि देवमाशास कोणी विचारीना. १८६९ सालीं शेवटचें शिकारी जहाज निघालें. १८४० सालीं ९,०१२ असलेली लोकसंख्या १८७० सालीं ४,१२३ वर आली. मालकांस घरें नकोशीं झालीं. कित्येक घरें सुटीं करून, जहाजांवर चढवून मुख्य भूमीस नेलीं गेलीं आणि तेथें पुन्हां उभीं राहिलीं. जीं उरलीं त्यांस नवा रंग देण्यासही कोणाजवळ पैसा नव्हता, मग पाडून नवीं बांधणें दूरच. आज या गांवाचें जुनें रूप पाहून प्रवासी धन्य धन्य म्हणतात. तें रूप अभिरुचीनें राखलें नाहीं, दारिद्र्यानें राखलें.

उन्हाळ्यांत हवा खाण्यास येणारे लोक हा पुढचा धंदा. बेटाच्या पूर्व टोंकास स्कॉन्सेट नांवाची कोळ्यांची वाडी आहे. न्यूयॉर्कच्या न्यायालयांत लघुलेखन करणारे एडवर्ड अंडरहिल यांनीं १८८० नंतरच्या कांहीं वर्षांत तेथें कोळ्यांच्या झोपड्यांच्या धर्तीवर लहान लहान घरें बांधलीं, भांड्याकुंड्यांसह भाड्यानें दिलीं, आणि गल्ल्यांस बायकोचें व मुलीचें नांव दिलें. कोळ्याची झोपडी शहरच्या माणसास आवडते, हा शोध त्यांचा. तो बेटावर आजतागायत सोनें पिकवीत आहे.

विसाव्या शतकांत दोन गोष्टी झाल्या. १९५५ च्या कायद्यानें जुन्या भागांतील बांधकामावर नियंत्रण आलें, आणि कालांतरानें तें साऱ्या बेटास लागू झालें. म्हणून तेथें आजही राखी रंगाच्या लांकडी कवेलूंच्या भिंती दिसतात. दुसरी अशी कीं, १९६० नंतर वॉल्टर बायनेकी नांवाच्या श्रीमंत गृहस्थानें धक्के आणि बाजारपेठेचा मोठा भाग खरेदी करून सारें नव्यानें सजविलें. हलक्या खर्चाचे पुष्कळ प्रवासी येण्यापेक्षां थोडे पण सधन यावेत, हें त्याचें उघड धोरण. त्यानें गांवाचें सौंदर्य राखलें हें खरें. परंतु चांभार, लोहार, कोळी यांस अर्धी तक्षीम देऊन बोलावणाऱ्या गांवाचा दरवाजा त्यानें उलट्या बाजूस उघडला, असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

मोकळें रान झपाट्यानें विकलें जाऊं लागलें तेव्हां गांवानें १९८३ सालीं संस्थानच्या कायद्यानें एक भूमिपेढी स्थापिली. जमिनीच्या बहुतेक खरेदीवर शेंकडा दोन प्रमाणें कर घ्यावयाचा आणि त्या पैशांतून मोकळी जमीन सर्वांसाठीं विकत घ्यावयाची. अमेरिकेंत अशा प्रकारची ही पहिली संस्था. तिच्या आणि इतर संस्थांच्या खरेदीमुळें आज बेटाचा निम्म्याहून अधिक भाग बांधकामापासून सुटला आहे. तीन शतकांपूर्वीचें सामायिक रान असें पैसे मोजून परत आणलें गेलें. फक्त त्यांत मेंढी नाहीं. आणि जेथें बांधतां येत नाहीं तेथें किंमत चढते. २०२० च्या गणतींत बेटावर १४,२५५ कायमची वस्ती होती. त्यानंतर दोन वर्षांत घराची मध्यम किंमत तीस लक्ष डॉलरांच्या आसपास पोंचली. शाळेंतील मास्तर, इस्पितळांतील परिचारिका, सुतार यांस हिंवाळ्यांत घर भाड्यानें मिळतें. उन्हाळा आला, पाहुणे आले, कीं बिऱ्हाड उचलावें, कोठें तरी खोलींत किंवा ओळखीच्याच्या तळघरांत चार महिने काढावे, आणि पाहुणे गेल्यावर परत यावें. वर्षांतून दोनदां बिऱ्हाड हलविणारी कुटुंबें बेटावर पुष्कळ आहेत. महागड्या घरांच्या विक्रीवर आणखी शेंकडा अर्धा कर बसवून या लोकांसाठीं घरें बांधावीं, अशी परवानगी गांव संस्थानाकडे वर्षानुवर्षें मागत होतें. २०२४ सालीं संस्थानानें घरांविषयीं मोठा कायदा केला, त्यांत ती परवानगी नव्हती. अर्ज समुद्र ओलांडून पलीकडे जातात, हा क्रम फोल्जरच्या काळापासून मोडलेला नाहीं.

समुद्रही आपला हिस्सा मागतोच. स्कॉन्सेटच्या कड्याखालची वाळू दरवर्षीं ढासळते. तेथील सॅंकटी येथला दीपस्तंभ २००७ सालीं उचलून आंत नेला गेला, आणि त्या कड्यावरचीं घरेंही तशींच मागें सरकविण्यांत आलीं आहेत. कॅपॉमच्या लोकांची विद्या अजून जिवंत आहे. श्रीमंत खरेदीदारास पुष्कळदां जागा हवी असते, तीवरील जुनें घर नको असतें. तेव्हां पाडण्यापूर्वीं तें कोणी नेईल काय, याची जाहिरात गांवच्या वर्तमानपत्रांत द्यावी लागते. घर बहुधा फुकट असतें. नेणाऱ्यानें जागा तेवढी स्वतःची आणावयाची.